पाण्याची वाट

धाकटीचे केस पिकायला लागले तरी घरात आणि गल्लीत ती धाकटीच राहिली. तिचा थोरला भाऊ मात्र सगळ्या गल्लीचा दादा. दादा आरसे करायचा. त्याच कारखान्यात खिडकीजवळ एक लांब टेबल होतं, ते धाकटीचं. तिथं ती रंगीत काच कापायची, शिशाच्या पट्ट्यांत बसवायची, सांध्यांना डाख द्यायची. दिव्यांच्या टोप्या, कपाटांची दारं, असलं घरातलं काम. घरातलं होतं तोवर कोणाची तक्रार नव्हती.

मागच्या साली प्रसूतिगृहाच्या मोठ्या सुईणबाईंनी फाटकावरच्या कमानीसाठी तिच्याकडे चित्र मागितलं. कळा सोसत येणाऱ्या बाईला वर बघायला काहीतरी असावं, एवढंच त्यांचं म्हणणं. धाकटीनं काचेत बगळ्यांची माळ उडवली. पाऊस आत शिरू नये म्हणून चौकटीच्या चारही कडा अशा बुजवल्या की मुंगीनं तोंडात मारल्यासारखं परत जावं. पण पाणी चोरपावलांनी येतं. वरच्या केसाएवढ्या फटीतून ते शिरलं, खालच्या खाचेत साचलं, कडाक्याच्या थंडीत गोठून फुगलं, आणि खालच्या रांगेतले बगळे पंखांतून तडकले.

बगळे उडाले का गं, असं गल्ली तिला येताजाता विचारू लागली. रंगीत काच म्हणजे लाडाची लेक, तिनं घरातच शोभावं, असं दादा जेवताना म्हणाला आणि वहिनीनं त्याच्या ताटात जरा आदळूनच भाजी वाढली. हसल्या नाहीत त्या फक्त सुईणबाई. पहिलटकरणीला वेळ लागतोच, पुन्हा कर, असं म्हणून त्या आपल्या कामाला लागल्या.

धाकटीनं पुन्हा काच मांडली तेव्हा दादा टेबलाशी येऊन उभा राहिला.

"हे फुटलं तर टेबल माझ्या आरशांना."

"आणि नाही फुटलं तर?"

"तर टेबल तुझं."

"ते आत्ताही माझंच आहे, दादा. जरा सरक, उजेड अडतोय."

दुसऱ्याच दिवशी त्यानं चार मोठे आरसे आणून तिच्या टेबलाला टेकवून ठेवले. जणू पाहुणे आधीच येऊन दारात बसले. धाकटी त्यांच्याकडे पाठ करून काम करू लागली. पिसांच्या रेघा तिनं भट्टीत भाजून काचेच्या अंगात मुरवल्या, म्हणजे ऊन चाटून चाटून थकेल पण रंग उतरणार नाही. खडूची पूड जवसाच्या तेलात मळून लांबी केली आणि शिशाच्या पट्ट्यांखाली बोटानं दाबून दाबून भरली. वाऱ्याला छाती द्यायला मागून आडव्या सळया घातल्या. आणि चौकटीच्या तळाला, खाचेच्या दोन्ही टोकांना, दोन भोकं ठेवली. ती ठेवताना ती गुणगुणत होती:

आला पाऊस पाहुणा, त्याचा केवढा गं थाट
बसू देते घडीभर, मग दाविते मी वाट

चित्र कमानीत चढवायला दादा आला. शिडी आणली, स्क्रू पिळले, वर चढून शेवटचा हात फिरवला. अट ती अट, पण बहिणीचं काम वाकडं बसलेलं त्याला चाललं नसतं.

ज्या दिवशी चित्रावरचं फडकं काढायचं होतं, त्या दिवशी सकाळभर पाऊस कोसळला आणि दुपारी आभाळ लख्ख उघडलं. थंडी चावायला लागली होती. फाटकात परिचारिका जमल्या, तान्ही घेऊन बाया जमल्या, गल्ली तर तमाशा बघायला आलीच होती. फडकं निघालं. बगळे उन्हात असे पेटले की टोमणे मारणाऱ्यांची तोंडं आपोआप वर झाली.

धाकटी एकटीच खाली बघत होती. कमानीखालच्या पायरीवर, जिथं दोन ओले डाग हवेत, तिथला दगड कोरडा ठणठणीत.

"दादा, तळाची भोकं?"

"बुजवली की मी, लांबी दाबून. विसरली होतीस तू." तो अंगठा दाखवत म्हणाला. त्या अंगठ्याला जन्माची सवय होती. आरशाच्या पाठीत ओल गेली की आरसा आंधळा होतो, म्हणून फट दिसली की ती बुजवायचीच.

धाकटीनं शिडी ओढली. दादानं तिचा दंड धरला. चारचौघांत नव्या कामाला टोचायला निघालीस, लोक काय म्हणतील, असं तो दबक्या आवाजात म्हणाला.

"लोकांचं मागच्या वर्षीच म्हणून झालंय. आज रात्री पाणी गोठेल, ते लोकांना विचारून नाही गोठणार."

"हट्ट सोड, धाकटे. तडकली तर टेबल गेलं."

"तू आरसे सांभाळ. उघड्यावरची काच मी सांभाळते. आणि शिडी धर, हलते आहे."

त्यानं शिडी धरली. धाकटीनं अंबाड्यातला आकडा काढला, केस खांद्यावर आले, ते तिनं येऊ दिले. ओली लांबी कोरून काढली, एक भोक, मग दुसरं. सकाळचा सगळा पाऊस दादाच्या कॉलरमधून आत गेला. त्यानं शिडी सोडली नाही. गल्ली पोट धरून हसली, वहिनी सगळ्यांत जास्त.

त्या रात्री दगड तडकावेत असं गोठलं. उजाडताच धाकटी कमानीखाली गेली. बगळा न् बगळा अख्खा होता. दोन्ही भोकांतून बर्फाच्या दोन कांड्या बाहेर लोंबत होत्या. शिडी अजून तिथंच होती, ती चढून तिनं एक मोडून घेतली.

कारखान्यात दादा नुकताच आला होता. तिनं बर्फाची कांडी त्याच्या पुढ्यात ठेवली. मग एकेक करून चारही आरसे आपल्या टेबलापासून उचलले आणि त्याच्या भिंतीला नेऊन लावले. शेवटच्या आरशात तिला स्वतःचे मोकळे केस दिसले. ते तिनं तसेच ठेवले.

दादा कांडीकडे बघत बसला. तिच्याखाली हळूहळू पाणी होत होतं.

"वितळलं की पुसून टाक," धाकटी म्हणाली आणि काच कापायला बसली.