मामाचा होकार

“पोरगी आमच्या घराण्याची आहे. मी नाही म्हणालो म्हणजे नाही,” वर्गाच्या दारात उभा राहून लामेकी म्हणाला.

आत नर्सबाई लशीचा डबा उघडून बसली होती. चौथीतल्या सोळा मुलींना टोचून झालं होतं. सतरावी मुलगी, तियान्जाने नावाची लामेकीची भाची, बाही वर करून उभी होती. आम्हा चेवा जमातीच्या लोकांत मुलं आईच्या घराण्याची, आणि त्यांच्याबाबतीत मामाचा शब्द शेवटचा. तिचा बाप तर केव्हाच वारला होता.

“लामेकी, तूही याच वर्गात शिकलास. बैस,” मी म्हणालो. “तुझ्या बहिणीला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाला, तो एका विषाणूमुळे. तो पोरीला शिवू नये म्हणून ही सुई.”

“आणि तो विषाणू येतो कुठून, मास्तर? तेही शिकवा की. विहिरीवर बायका तेच बोलतात. पुरुषांकडून येतो म्हणे. विचारा एनिफाला, कितीजणांकडून आला ते.”

त्याची बहीण एनिफा मागच्या बाकावर बसली होती. तासाभराची वाट ती तीन तास चालून आली होती.

“एकाकडून,” ती म्हणाली. “त्याला तूच शोधून आणलास, दादा. खाणीत कामाला आहे, घरी रेडिओ आहे, म्हणालास. मी नको म्हणत होते.”

“मरायला टेकली, पण जीभ बघा.”

“नवऱ्याकडून आला तरी पुरतो,” मी सावकाश सांगितलं. “पुष्कळ बायकांच्या अंगात येतो नि निघून जातो. एखादीच्या अंगात ठाण मांडून बसतो. त्यात बाईचा गुन्हा काय?”

“तुमचा फळा तुमच्यापाशी ठेवा. ही सुई पोरींना वांझ करते.”

नर्सबाईने सुई खाली ठेवली. “मामा नको म्हणत असेल तर मी टोचणार नाही. मागच्या गावात माझी सायकल फोडली.”

“कागदावर आईची सही चालते, बाई.”

“कागद इथे राहत नाही, मास्तर. मी राहते.”

लामेकी हसला. “टोचा की. पण एनिफा, मग तुझ्या मयताला मी उभा राहणार नाही. खड्डा कोण खणतो ते बघू.”

भाऊ उभा राहिला नाही तर गाव मयताला हात लावत नाही, हे पोरींनाही ठाऊक होतं.

एनिफाने लेकीला जवळ ओढून तिचा दंड धरला. “नको येऊस,” ती म्हणाली. “टोचा, बाई. कोणी विचारलं तर माझं नाव सांगा.”

नर्सबाईने माझ्याकडे पाहिलं आणि सुई टोचली. लामेकी उंबऱ्यावर थुंकून निघून गेला. भाचीने हाक मारली, तरी वळला नाही.

घंटा झाली. तियान्जानेसकट सगळ्या मुली बाहेर गेल्या. नर्सबाईही गेली. एनिफा बाकावरून उठली नाही. कमरेचं कापड तिने दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरलं होतं, त्याच्या काठाला रक्त दिसत होतं.

“मास्तर, जरा तिकडे तोंड करता?”

मी फळ्याकडे वळलो. मागे बाक पुसल्याचा आवाज येत होता. मी गणितं पुसली. मग कोरा फळा पुसत राहिलो.