बिनवासाचा ग्लास

ज्या घरात पाहुण्याच्या कपाळाला विभूती लागल्याशिवाय पुढ्यात चहा येत नाही, त्या घरात स्वयंपाकाच्या ओट्यावर सून व्होडका मोजते आहे, असं बोरी गावात कुणी सांगितलं असतं तर लोकांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. पण धनश्रीनं मोजली. शौक म्हणून नाही, नवरा वाचावा म्हणून मोजली.

नवरा म्हणजे मल्लेश. पेठेत वडिलांच्या वेळचं कापडाचं दुकान. माणूस बोलायला गोड आणि धंद्याला अंमळ कच्चा, कारण 'अक्का, हा रंग तुमाला शोभायचा न्हाई' असं गिऱ्हाइकाला खरं सांगून मोकळा व्हायचा. वडील गेल्यावर प्यायला लागला. दुःखानं म्हणावं तर बापलेकांचं कधी पटलं नव्हतं, आणि सुटलो बुवा एकदाचा म्हणून म्हणावं तर सुटलेला माणूस रात्री उशीत तोंड खुपसून रडत नाही. कारण काही का असेना, परभणीच्या डॉक्टरनं सोनोग्राफीचा कागद बघून स्पष्ट सांगितलं होतं. लिव्हर जायच्या वाटेवर आहे. दारू थांबली तर माणूस राहील.

धनश्रीनं सगळ्या बायका करतात ते सगळं करून पाहिलं होतं. रडली, अबोला धरला, माहेरी जाऊन बसली, लेकीच्या डोक्यावर हात ठेवायला लावला. एकदा त्यानं खरंच बंद केली, तर दोन दिवसांत हात असे कापायला लागले की कापड फाडता येईना, आणि दुकानातच झटका येऊन पडला. डॉक्टर चिडला. म्हणाला, अशी एकदम तोडायची नसते, भरती करा, औषधावर ठेवून हळूहळू सोडवू. मल्लेश म्हणाला, "सगळी पेठ भेटायला येनार, अन काय झालंय म्हनून इचारनार. मी काय भरती होत न्हाई." भरतीचं त्यानं कानाआड केलं, आणि 'हळूहळू' तेवढं धनश्रीनं पदराला बांधलं. अर्धं ऐकायची खोड दोघांनाही सारखीच.

मग एका दुपारी तिला मोबाइलवर ती पोरगी दिसली. केस मोकळे, पांढराशुभ्र ओटा, आणि घरच्या घरी व्होडकाचं सोपं कॉकटेल. लिंबू, साखर, पुदिना, सोडा, बर्फ. त्या पोरीनं हसत हसत सांगितलेली एक गोष्ट धनश्रीनं तीनदा मागं नेऊन ऐकली. व्होडका दिसायला पाण्यासारखी, आणि वास जवळजवळ नाही.

घरात सासू होती. सिद्धम्मा म्हातारी असली तरी नाकानं तरुण होती, शेजारच्या घरातली कांद्याची फोडणी तिला माजघरात बसून कळायची. पोरगा पितो हे तिला ठाऊक होतं, पण घरात पिणं ही निराळी गोष्ट. तेव्हा जे काही करायचं ते तिच्या नाकाला चुकवून. धनश्रीनं परभणीला औषधाच्या दुकानात कामाला असलेल्या भावाला, वैभवला, फोन लावला. तो आधी हादरला, पण बहिणीचा आवाज ऐकून पुढच्या रविवारी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला. "ताई, हे बरं न्हाई," एवढंच म्हणाला.

तिचा बेत असा. नवऱ्यानं बाहेर थेंब घ्यायचा नाही. संध्याकाळी दुकान बंद करून सरळ घरी यायचं, तिच्या हातचा एक ग्लास घ्यायचा आणि जेवून झोपायचं. मग ती रोज चिमणीच्या चोचीनं कमी करत जाणार, त्याला न कळता.

आता बाहेर थेंब घेतला नाही हे कसं कळणार, असं वैभवनं विचारलं होतंच. त्यावर धनश्रीकडं उत्तर होतं, आणि त्या उत्तरावर तिचा सगळा डोलारा उभा होता. मल्लेशच्या गळ्यात इष्टलिंग होतं. पांढऱ्या वस्त्रात गुंडाळलेलं, दोऱ्यानं बांधलेलं, छातीशी. ते अंगावेगळं करायचं नसतं, जन्माला आल्यापासून मातीत जाईपर्यंत. पण पिणारा मल्लेश एवढं पाळत आला होता की गळ्यात लिंग असताना ओठाला दारू लावायची नाही. पूर्वी दुपारीच ते काढून देवघरात ठेवून जायचा, आणि रिकाम्या गळ्याचा मुलगा पाहिला की सिद्धम्मा जेवायची नाही. आता ठरलं असं की लिंग फक्त घरीच काढायचं, तेही धनश्रीच्या हातात द्यायचं. संध्याकाळी तो लिंगासकट घरी आला की समजायचं, दिवस कोरडा गेला. यात खोट निघणार नाही अशी तिची खात्री होती. आपल्या माणसांचा देवावर जेवढा विश्वास असतो, त्याहून जास्त विश्वास दुसऱ्याच्या देवभीरूपणावर असतो.

आणि बेत लागू पडला. काय सांगावं, नुसता लागू पडला. दिवेलागण झाली की मल्लेश घरी. हातपाय धुऊन गळ्यातलं काढायचा, दोन्ही डोळ्यांना लावायचा आणि तिच्या ओंजळीत ठेवायचा. आईला रिकामा गळा दिसू नये म्हणून सदऱ्याचं वरचं बटण लावून घ्यायचा. ती ते देवघरात ठेवून यायची, हात धुवायची आणि ओट्याशी लागायची. लेकीच्या खोकल्याच्या औषधाचं झाकण तिनं मापाला ठेवलं होतं. आधी लिंबू पिळायचं, बिया काढायच्या, साखर विरघळवायची, पुदिना तळहातावर चुरडायचा, मग ते झाकण, मग सोडा. सोडा ओतल्यावर फेस वर यायचा तेव्हा तिला उगाचच बरं वाटायचं.

"मीठ घातलं का गं?" तो खाटेवरून विचारायचा.

"चिमटभर."

"जिरं बी घाल उद्या. त्या मोबाइलवाल्या पोरीला काय कळतंय."

दोघं हसायची. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण संध्याकाळी नवरा-बायको बसून बोलताहेत असं त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. तो दुकानातल्या बायकांच्या नकला करायचा. सिद्धम्मा पलीकडून म्हणायची, "काय सरबत पाजायलीस गं रोज, मला बी दे की घोटभर." धनश्री घाईघाईनं सासूसाठी निराळा ग्लास करून न्यायची. म्हातारी पिऊन म्हणायची, सुनेच्या हातात गुण हाय, माझ्या लेकाची सुटली. मठात ती चारचौघींना हेच सांगत होती.

श्रावण लागायच्या सुमाराला झाकण अर्ध्यावर आलं. मग पाव. मग धनश्रीनं नुसतं झाकण बुडवून झटकलं. आणि एका सोमवारी तिनं काहीच घातलं नाही. लिंबू, साखर, पुदिना, जिरं, मीठ, सोडा. मल्लेशनं ग्लास तोंडाला लावला, अर्धा संपवला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "आज जरा कडक झालाय."

धनश्री स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसली. मग तिथंच खाली बसून रडली. जेवताना त्याचे डोळे जडावलेले, जीभ किंचित ओढलेली. लिंबाच्या पाण्यानं चढतेय, म्हणजे सगळा मनाचाच खेळ होता तर! तिनं वैभवला फोन करून सांगितलं, "सुटली रे. त्यांनाच ठाव न्हाई, पन सुटली." तो म्हणाला, एकदा तपासून घे. ती म्हणाली, सण होऊ दे, मग नेते. खरं तर तिला घाई नव्हती. सुख नवंनवं होतं, कागदावर चढवून घ्यायची तिला गरज वाटत नव्हती.

पोळा झाला. त्या आठवड्यातली एक संध्याकाळ. सिद्धम्मा नातीला घेऊन मठात गेली होती. मल्लेश आला, तोंडात बडीशेपेचा बकाणा, नेहमीसारखाच. पाय धुतले. गळ्यातलं काढलं, डोळ्यांना लावलं, तिच्या ओंजळीत ठेवलं.

वस्त्र ओलं होतं.

घामानं असेल म्हणून तिनं ते बदलायला सोडलं. बोटांना चिकट लागलं. मग वास आला. व्होडकाचा नव्हे, व्होडकाला वास नसतोच. देशीचा. बसस्टँडमागच्या गुत्त्यावरून नाकाला पदर लावून जाताना येतो तो, आंबूस, गोडसर, मळमळवणारा. कापणाऱ्या हातानं ग्लास तोंडाशी नेताना सांडली होती, हनुवटीवरून गळ्यावर, गळ्यावरून देवावर.

लिंग तसंच तळहातावर घेऊन ती उभी राहिली. मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसली. जडावलेले डोळे. ओढलेली जीभ. बडीशेप.

"हे गळ्यात असताना पिलात?"

मल्लेशनं वर पाहिलं. खोटं बोलायचा कंटाळा आलेल्या माणसाचं तोंड झालं त्याचं.

"व्हय."

"कधीपासून?"

"लय दिवस झाले."

"काढून ठिवलं न्हाई?"

"कुठं ठिवू? गल्ल्यात? पोरं बगतेत दुकानातले. घरी ठिवून यावं तर तुला कळनार." तो हळू बोलत होता, गिऱ्हाइकाला माल संपल्याचं सांगावं तसा. "पैल्या दिवशी लय वाईट वाटलं, धने. वाटलं, घशातच जळून जाईन. दुसऱ्या दिवशी जरा कमी वाटलं. मंग काईच वाटंना."

तिनं ओट्याकडं पाहिलं. कापलेलं लिंबू, ताजा पुदिना.

"अन माजा ग्लास?"

"त्यात काय नसतंय. म्हाईत हाय मला. तू घालायची बंद केलीस त्या दिवसापासून म्हाईत हाय."

"मंग कडक झालाय कशापायी म्हनलात?"

मल्लेश खाटेच्या नवारीकडं बघत राहिला. "तू लय खुश व्हतीस," तो म्हणाला. "इतक्या वर्सांत तुला तसं बगितलं नव्हतं. म्हनलं, हाय तवर राहू दे."

धनश्रीला वाटलं होतं की ती त्याला सांभाळते आहे. उलटंच होतं. तोच रोज घरी येऊन तिला बरं वाटेल असं वागत होता, जसं आपण खाटेला खिळलेल्या आजाऱ्याशी वागतो. लिंबाच्या पाण्यासाठी तो देव काढून ठेवत होता, आणि खऱ्या दारूला देवासकट बसत होता. ज्या एका दोरीवर तिनं सगळं टांगलं होतं ती दोरी आतून कधीच तुटली होती, आणि आता त्याला अडवील असं या जगात काही उरलं नव्हतं. देव नाही, आई नाही, लेक नाही, ती तर नाहीच. तिला राग यायला हवा होता, पण आला नाही. फार दमल्यासारखं झालं.

"परभनीला चला," ती म्हणाली. "उद्याच. भरती व्हा. लोकायला काय सांगायचं ते मी सांगते."

"बगू."

हे 'बगू' तिनं आयुष्यभर ऐकलं होतं. त्यात 'नाही' म्हणायचेही कष्ट नव्हते.

ती आत गेली. वस्त्र पिळून वाळत घातलं, लिंग धुतलं, देवघरात ठेवलं. मग ओट्याशी आली आणि हातानं आपलं काम केलं, तिनं न सांगता. लिंबू, साखर, पुदिना, जिरं, मीठ. सोडा ओतला, फेस वर आला. ग्लास तिनं त्याच्या पुढं ठेवला. त्यानं तो उचलला आणि सगळा प्यायला, एका दमात.

"चांगलं झालंय," तो म्हणाला.

"हं."

बाहेर अंधारून आलं होतं. मग मल्लेश उठला, पायात चपला सरकवल्या आणि खुंटीवरची मोटारसायकलची किल्ली घेतली. आजवर अशा वेळी तो काहीतरी कारण सांगायचा, कुणाचं तरी नाव घ्यायचा. आज नाही सांगितलं. तिनंही कुठं म्हणून विचारलं नाही.

"गाडी नका नेऊ," ती म्हणाली. "अंधार हाय. चालत जावा."

तो उंबऱ्यात थांबला. मागं वळून त्यानं किल्ली तिच्या हातात दिली, आणि गेला.