न उडणाऱ्या पाखराचे हल्ले

वसंत आला की वॉरगूल गावातली माणसं हेल्मेटवर प्लास्टिकचे काटे खोचून सायकली चालवतात. मॅगपाय या काळ्यापांढऱ्या पक्ष्याच्या घरट्यात पिल्लं असतात आणि पाखरं येणाऱ्याजाणाऱ्याच्या टाळक्यावर झडप घालतात. यंदा तर पोस्टमनचा कानच फोडला.

नोरीन हॅडोबाईंच्या परसातही एक मॅगपाय होता, बिशप नावाचा. पंख मोडल्यापासून तो चालतच हिंडे. सकाळी खिडकीखाली येऊन खिम्यासाठी गळा काढी. यजमान गेल्यापासून बाईंच्या घरी दुसरा आवाज नव्हता.

रविवारी बोल्स क्लबात, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाच्या क्लबात, सॉसेज भाजता भाजता क्लॅरी बोगने विषय काढला. क्लॅरी क्लबाचा अध्यक्ष आणि बाईंचाच जुना विद्यार्थी.

"बाई, तुमच्या बिशपला वनखात्याच्या रेंजरच्या हवाली करायचं म्हणतोय. लांब रानात सोडतील."

"अरे, त्याला उडता येत नाही! तो हल्ला कसा करेल?"

"तेच तर! त्याचा पंख मोडला आणि हल्ले वाढले. म्हणजे बाकीच्यांना तोच चिथावतोय."

"क्लॅरी, याला फॅलसी म्हणतात. तर्कातली खोट. एकामागून दुसरं घडलं, म्हणून पहिल्यामुळेच घडलं असं होत नाही. आत्ता तू कांदा परतायला घेतलास आणि चर्चची घंटा वाजली. ती काय कांद्यामुळे वाजली?"

सगळ्यांनी कांद्याकडे पाहिलं.

"दर रविवारी वाजते खरी," पोस्टमन कानाची पट्टी चाचपत म्हणाला.

"शब्द झकास आहे, बाई," क्लॅरी म्हणाला. "पण त्या पाखरावर तुमची माया आहे ना, तीच फॅलसी."

हशा पिकला. बिशपला पाठवायच्या बाजूने भराभर हात वर झाले. विरोधात कोण, असं विचारल्यावर बाईंनीही हात वर केला. हातात सॉसेजचा पाव होता. क्लॅरीने त्यावर प्रेमाने सॉस ओतला.

मंगळवारी रेंजर आला. बिशप आपण होऊन चालत पिंजऱ्यात गेला. आत खिमा होता.

पुढच्या आठवड्यात पिल्लं मोठी झाली आणि हल्ले थांबले. दर वर्षी थांबतात तसेच. क्लॅरी केक घेऊन बाईंच्या दारात हजर.

"पाखरू गेलं, हल्ले बंद! आता बोला, बाई."

"पिल्लं उडायला लागली रे..."

"नेमकी बिशपला नेल्यावरच? बाई, पुन्हा फॅलसी करताय तुम्ही."

बाईंनी चहाचं आधण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खिडकीखाली खिमा ठेवला. खिमा ठेवला की बिशप येतो. आजवर एकदाही चुकलं नव्हतं.