चौथा कोपरा

"चौथा कोपरा मोकळा ठेवायचा," धोंडप्पा म्हणाला.

लातूरहून आलेला किशनराव शिडीवरून खाली बघतच राहिला. लोकांच्या घरात थिएटरची खोली बांधून देणं हा त्याचा धंदा होता. तीन कोपऱ्यांत त्यानं जमिनीपासून छतापर्यंत कापसाच्या जाड गाद्या उभ्या केल्या होत्या, चौथ्यासाठीची गादी हातातच होती.

"अहो मालक, मघाशीच सांगितलं ना? जड आवाज कोपऱ्यात साचतो. तीन कोपरे मिटवले तर राहिलेला सगळा घुमारा तिथंच जाऊन बसंल."

"बसू दे."

"तिथं बसणाऱ्याला नुसतं धबधब ऐकू येईल. शब्द एक कळणार न्हाई."

"हाव," धोंडप्पा म्हणाला. "अन् त्या कोपऱ्याच्या दोन्ही बाजूच्या भिंती बी कोऱ्याच ठेव. गुळगुळीत."

किशनरावानं कपाळाला हात लावला. आजवर त्याला नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं भेटली होती. कुणाला देवघराशेजारी थिएटर हवं असे, कुणाला आवाजापेक्षा खुर्च्यांचा रंग महत्त्वाचा. पण एवढे पैसे घालून खोलीचा एक कोपरा मुद्दाम बिघडवून घेणारा माणूस त्याला उदगिरातच भेटला.

धोंडप्पाचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटारी उघडायच्या, काळी पडलेली तार उपसून नवी गुंडाळायची, यातच त्याची जिंदगी गेली. त्या साली दुष्काळानं कहर केला होता. लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं, आणि आसपासच्या खेड्यांतल्या मोटारी कोरड्या बोअरमध्ये फिरून फिरून जळत होत्या. दुकानापुढं मोटारींची रांग लागे. पण थिएटरचा पैसा तिथला नव्हता. उदगीर जिल्हा होणार, अशी हवा पुन्हा उठली होती. त्या हवेवर त्यानं नाक्याजवळचा प्लॉट विकून टाकला होता.

"घागरीत पाण्याचा टिपूस न्हाई, अन् हेंच्या भिंती गाद्या पांघरून राहिल्यात," त्याची बायको सरजाबाई जिन्यातूनच म्हणाली. "किशनराव, एक गादी मला तरी द्या. माझी पाठ धरलीया."

"आईसाठी करून राहिलो," धोंडप्पा म्हणाला.

"आत्या जाऊन किती दिस झाले! जित्या होत्या तवा कानाचं मशीन तरी घेतलं का तुमी?"

ते मशीन आईनंच नको म्हटलं होतं. तिला त्याची गरज वाटत नसे. नागुबाई कानानं मंद होती, पण शिवकीर्तन ती डोळ्यांनी ऐकायची. शिवनाम सप्ताहात सगळ्यांच्या आधी जाऊन महाराजांच्या अगदी पुढ्यात बसायची. त्यांचे ओठ हलले की हिचेही हलायचे. टाळ कधी उचलला, मान कधी डोलली, यावरून तिला चाल कळायची. घरी आल्यावर सुनेला ती सगळं कीर्तन सांगायची, आणि त्यात चूक काढायची कुणाची हिंमत नव्हती.

मग ते साल आलं. महादेवप्पा सप्ताह कमिटीचे अध्यक्ष होते. भरल्या मंडपात त्यांनी तिच्या दंडाला धरून तिला उठवलं. "म्हातारे, ऊठ. हितं पावणे बसणार हायती. तुला तर कुठंबी बसलं तरी सारखंच की!" मंडप हसला. पावणे आले, अर्ध्या कीर्तनात उठूनही गेले. नागुबाई चपलांजवळ बसून राहिली. तिथून तिला महाराजांचा फेटा तेवढा दिसत होता. त्यानंतर ती कधी सप्ताहाला गेली नाही. सोमवारी देवळात जायची, कीर्तनाचं नाव निघालं की भांडी घासायला बसायची. गेली तीही तशीच.

धोंडप्पा आणि महादेवप्पांची बोलचाल तेव्हापासून बंद. रस्त्यात समोरासमोर आले तरी धोंडप्पा मोटारसायकल वळवायचा. पण मनातलं काही वळलं नव्हतं. तार गुंडाळताना वेढ्यावर वेढा बसावा तसं ते बसत गेलं होतं.

दुष्काळाच्या त्या वर्षी प्रसादाच्या पंगतीला पाणी नाही, म्हणून सप्ताहच रद्द झाला. कमिटीनं तसं सांगितलं त्याच दिवशी धोंडप्पा घरोघर आवतण द्यायला निघाला. देवळातल्या जुन्या कीर्तनांची रेकॉर्डिंगं त्यानं मिळवली होती. सोमवारी दुपारी माझ्या घरी या, कीर्तन ऐकू. शेवटचं आवतण महादेवप्पांच्या दारात. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. आतून त्यांची सून सिंधु आली.

"आप्पांना घेऊन या," तो म्हणाला. "त्यांच्यासाठी टेकायची जागा ठेवली हाय."

सिंधुच्या डोळ्यांत पाणी आलं. भिंतीला टेकून, लोडाला रेलून बसण्याचा मान आपल्याकडं घरातल्या थोरल्याचा, नाहीतर ज्याच्याशिवाय बैठक सुरू होत नाही अशा माणसाचा. वैर मिटवायला आलेला माणूस दुसरं काय बोलणार?

घरी येऊन धोंडप्पानं चौथ्या कोपऱ्यात गालिच्यावर पांढरी चादर अंथरली आणि तिच्यावर लोड टाकला.

"तिथं का बरं?" सरजाबाईनं विचारलं. "किशनराव तर म्हणत हुते, तिथं काय कळत न्हाई."

"म्हणूनच."

ती त्याच्याकडं बघत राहिली. "आत्यानं असं केलं असतं व्हय?"

"आई येगळी हुती. मी चारचौघांसारखाच हाय."

सोमवारी खोली भरली. पुढं खुर्च्या, मागं गालिचा. म्हाताऱ्या बायका गाद्यांच्या भिंती चाचपून बघत होत्या, "बाई, भिंतीला बी बाळंतपण आलं का काय!" म्हणून हसत होत्या. सिंधुनं महादेवप्पांना हाताला धरून आणलं. ते फार वाळले होते. धोंडप्पानं वाकून नमस्कार केला, त्यांना कोपऱ्यात नेलं, स्वतः लोड सारखा केला. लोकांना बरं वाटलं. कुणीतरी "हर हर" म्हटलं.

कीर्तन सुरू झालं.

तसं कीर्तन उदगिरात कुणी ऐकलं नव्हतं. महाराज समोर उभे आहेत असंच वाटत होतं. टाळाची किणकिण डावीकडून आली, मृदंग जमिनीतून उठला, आणि महाराजांनी सूर धरण्याआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. शब्द धुतल्यासारखा स्वच्छ होता. देवांनी-दानवांनी समुद्र घुसळल्याची कथा होती. "अमृताला धावले सगळे," महाराज म्हणत होते, "विष आलं तेव्हा कोण पुढं झालं? महादेवानं ते घशात धरलं. गिळलं नाही, थुंकलंही नाही. अहो, गिळलं तर आतलं जळतं, थुंकलं तर शेजारचं!" पुढच्या खुर्चीतला एक म्हातारा मान हलवत रडू लागला.

धोंडप्पाचं कथेकडं लक्ष नव्हतं. तो वळून वळून कोपऱ्याकडं बघत होता. महादेवप्पांच्या कपाळावर आठी कधी पडते, ते कानाशी हात कधी नेतात, "कळंना झालंय रं" असं ओशाळून कधी म्हणतात. त्या एका वाक्यासाठी त्यानं प्लॉट विकला होता.

महादेवप्पांनी डोळे मिटले होते. उजव्या हाताचा तळवा मागं नेऊन त्यांनी कोऱ्या भिंतीला लावला होता. चेहरा शांत होता आणि गालांवरून पाणी ओघळत होतं.

धोंडप्पानं कीर्तन थांबवलं. सगळे मागं वळले.

"आप्पा," त्यानं विचारलं, "ऐकू येतंय का नीट?"

महादेवप्पांचे डोळे मिटलेलेच होते. सिंधु संकोचून म्हणाली, "काका, त्यांला ऐकू येत न्हाई आता. कायबी न्हाई. मशीन लावलं तर नुसता खरखराट होतोय म्हणत्यात. कुठं नेत बी न्हाई आमी. तुमी जागा ठेवली म्हनलं, म्हणून आणलं."

तेवढ्यात महादेवप्पांनी डोळे उघडले. बहिऱ्या माणसाचा असतो तसा त्यांचा आवाज फार मोठा निघाला.

"धोंडप्पा! लई चांगली जागा दिलीस, बाबा. मृदंग भित्तीतून येतोय. पाठीत वाजून राहिला! लई दिसांनी भेटला मला मृदंग. थांबवलास कशाला?"

इतकी वर्षं जपलेलं वैर आता ठेवायचं तरी कुठं, हे धोंडप्पाला कळेना.

"मान म्हणून न्हाई दिली ती जागा!" तो ओरडला. "साऱ्या खोलीत वाईटातली वाईट जागा हाय ती. मुद्दाम करून घेतली, पैसे देऊन! माझ्या आईला चपलांत बसवलं तुमी. तुमी हितं बसावं, समदे ऐकून राहावे अन् तुमाला एक शब्द कळू नये, म्हणून हे सारं बांधलं मी! तिच्या नावावर बांधलं!"

दुसऱ्या कुठल्या खोलीत हे बोलणं भिंतींवर आपटून थोडं विरलं असतं, अर्धं कुणाला कळलं असतं, अर्धं नसतं. या खोलीत ते एकदाच उमटलं आणि प्रत्येक खुर्चीपर्यंत जसंच्या तसं पोचलं. मग काहीच उरलं नाही. लोकांना आपापला श्वास ऐकू येत होता.

महादेवप्पा त्याच्या हलणाऱ्या ओठांकडं बघत होते. त्यांनी मान डोलवली. "हाव, हाव," ते म्हणाले. "लाव की मग."

पुढचा म्हातारा आधी उठला. मग बायका उठल्या. धोंडप्पाकडं कुणी बघितलं नाही. जिन्यात पावलं वाजत राहिली. सरजाबाईनं प्रसादाचं ताट उचललं आणि त्यांच्या मागोमाग खाली गेली.

सिंधु पदर डोक्यावर ओढून सासऱ्याजवळ आली, हाताला धरून त्यांना उठवू लागली. "चला मामा."

"कीर्तन कुठं संपलंय?" महादेवप्पांनी हात सोडवून घेतला. "एवढं मान देऊन बसवलं त्यानं, अन् मधीच उठू व्हय?"

तिनं धोंडप्पाकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत आता पाणी नव्हतं.

"असू दे," तो म्हणाला. "बसू दे त्यांला."

तो यंत्रापाशी गेला. बारीक आणि जड आवाजाच्या वेगवेगळ्या बटणांनी त्यानं महाराजांचा आवाज पार कमी केला, टाळही कमी केले आणि मृदंग जितका वाढवता येईल तितका वाढवला. खिडक्यांच्या काचा थरथरू लागल्या. महादेवप्पांनी लोड बाजूला सारला, पाठ सरळ भिंतीला लावली आणि दुसराही तळवा भिंतीवर टेकवला.

पुढच्या खुर्च्यांवर आता कुणीच नव्हतं. धोंडप्पा तिकडं गेला नाही. तो गालिच्याच्या टोकाला, दारापाशी, चपला काढायच्या जागेजवळ खाली बसला.