पंचवटीतल्या गॅलरीतला पिटुनियाचा डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. आधी माझ्यात पंधरा किलो गोडेतेल होते. १९९४ साली नाशिकच्या पंचवटीत राहणाऱ्या खंडेरावांनी मला मधोमध कापले, बुडाला खिळ्याने भोके पाडली, माती भरली आणि गॅलरीत ठेवले. तेलापेक्षा मातीने मला जास्त मान दिला.

मित्रांनो, दर माघात खंडेराव हातगाडीवरून पिटुनियाचे रोप आणत. काळ्या पिशवीतले, दहा रुपयांचे. त्यांच्या पत्नी यशोदाबाई सकाळचा चहा घेऊन माझ्याशेजारी बसत आणि नुसत्या बघत राहत. होळी उलटली की उन्हाने रोप जळून जाई. "दोन महिने पुरलं की," त्या म्हणत. त्या दोन महिन्यांत मी फार सुखी असे.

मग यशोदाबाईंच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. २००२ च्या थंडीत डॉक्टरांनी सांगितले की उरलीसुरली नजर उन्हाळ्यापर्यंत जाईल. तरी माघात रोप आले, दोन फुले उमलली, बाकी कळ्या होत्या. यशोदाबाई अगदी नाक टेकवून बघत.

"अहो, फूल लय बारीक दिसतं हो. नुसता ठिपका," त्या म्हणाल्या.

खंडेराव पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षबागेत कामाला जात. मणी फुगावेत म्हणून तिथे घड जी.ए. नावाच्या औषधाच्या पाण्यात बुडवतात. घड मोठा होतो तर फूल का होणार नाही, असे त्यांना वाटले. उरलेले पाणी बाटलीतून आणून, "आता मोठं उमलेल," असे यशोदाबाईंना सांगत त्यांनी ते तीन दिवस रोपावर शिंपडले. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

आठवड्याभरात फांद्या फिकट पडून दोऱ्यासारख्या लांबल्या. कळ्या न उमलताच माझ्या मातीत गळून पडल्या. खंडेरावांनी त्या गुपचूप वेचून खिशात टाकल्या.

"मोठं उमललं का?" यशोदाबाईंनी विचारले.

"उद्या उमलेल."

ते उमलले नाही. चैत्र लागेपर्यंत यशोदाबाईंना दिवस आणि रात्र एवढेच कळू लागले.

पुढच्या माघात त्यांनी विचारले, "यंदा रोप नाय आणलं?"

"बाजारात आलंच नाय अजून," खंडेराव म्हणाले.

तेवढ्यात खालच्या बोळातून हातगाडीवाल्याची हाक आली, "फुलांची रोपं, दहाला एक!" दोघांनीही ती ऐकली. गाडी पुढे गेली.

"आलं की आणा मग," यशोदाबाई म्हणाल्या आणि भिंतीला हात लावत आत गेल्या.

मित्रांनो, मी आता गंजलो आहे, माझ्या उपदेशाला किंमत ती काय. तरी सांगतो. कोणी लहानशा फुलात रमले असेल, तर ते मोठे करायला धावू नका. शेजारी बसा. कोणता रंग आहे, आज किती उमलली, ते सांगा. खंडेरावांना एवढे सहज जमले असते, पण लाज त्यांच्या आड आली. ते अजून रोप आणत नाहीत, आणि यशोदाबाईंनी विचारायचे सोडले आहे.