एकास चाळीसचा भाव

“पैज रद्द करा, चीफ. उघड चूक आहे,” बाबाजी म्हणाले, आणि निशिकांतरावांच्या बेडोक या उपनगरातल्या फ्लॅटमध्ये जमलेली मंडळी एकदम त्यांच्याकडे वळली.

चूक उघडच होती. बेडोकच्या मराठी मंडळींची क्रिकेट टीम शहराच्या दुसऱ्या टोकाच्या चोआ चू कांगवाल्यांना दरवर्षी धुऊन काढायची. आणि निशिकांतरावांनी फ्रिजवरच्या पांढऱ्या फळ्यावर बेडोकलाच भाव लावला होता, एकास चाळीस! दोन टीमचे भाव एकमेकांच्या जागी गेले, दुसरं काय! सामन्याआधी बाबाजींनी हळूच विचारलंही होतं, “चीफ, बेडोकला चाळीस?”

“लिहिलेलं वाचता येत नाही का तुला?” निशिकांतराव केवढ्यांदा खेकसले!

चारचौघांत त्यांचा शब्द खाली पडू नये म्हणून बाबाजींनी त्याच भावाने बेडोकवर एक कोपी लावली. या घरच्या पैजेत पैसे नसत. हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉलवरची दाट, गोड कॉफी म्हणजे कोपी, हेच चलन. बेडोक जिंकली, आणि एका कोपीच्या चाळीस झाल्या.

निशिकांतराव बोटीवर चीफ इंजिनिअर होते आणि बाबाजी त्यांच्या हाताखाली फिटर, तेव्हापासून पैजांचे बुकी तेच. नियमही त्यांचाच, फळ्याच्या कोपऱ्यात ठळक लिहिलेला: भावात उघड चूक असेल तर पैज रद्द.

“कॅन्सल करा लाह, अंकल! माझी नाही का केलीत मागच्या वर्षी?” इथेच परदेशात जन्मलेला अश्विन इथल्या लोकांसारखा ‘लाह’ लावत ओरडला. “वीस कोप्या बुडाल्या माझ्या!”

पण ‘रद्द’ म्हणायचं तर आधी ‘चुकलं’ म्हणायला हवं होतं. इंजिनरूमच्या लॉगबुकात उभ्या जन्मात खाडाखोड न केलेला हा माणूस! गेल्याच महिन्यात ते भलत्या मजल्यावर लिफ्टमधून उतरून परक्या दाराशी चावीने झटापट करत बसले होते. उल्कावहिनींनी ते फक्त बाबाजींना सांगितलं होतं. वहिनी आता हातातला झारा तसाच धरून नवऱ्याकडे बघत होत्या.

निशिकांतराव फळ्यापुढे जाऊन उभे राहिले. “रद्द कसली?” ते म्हणाले. “भाव मी लावलाय. चाळीस म्हणजे चाळीस. बाबाजी, उद्या सकाळी सातला ये.”

बाबाजी दोन ब्लॉक सोडून राहत. रोज सातला बेल वाजवायची, चीफना घेऊन हॉकर सेंटर गाठायचं, जिंकलेल्यातली एक कोपी प्यायची आणि त्यांना दारापर्यंत सोडायचं. वहिनींचा जीव तेवढा वेळ भांड्यात पडे. चीफ पंपांवरून, पिस्टनवरून बोलत, आणि त्यातलं एक अक्षर चुकत नसे. काल काय जेवलो, ते मात्र आठवत नसे.

चाळीस दिवस सरत आले, तसा बाबाजींना घोर लागला. पैज संपली की सोबत कशी करायची? मदत म्हणून कुणी बरोबर आलेलं साहेबांना खपलंच नसतं.

“किती झाल्या रे?” एके सकाळी निशिकांतरावांनी विचारलं.

“तेवीस,” बाबाजींनी कपात बघत ठोकून दिलं. “सतरा उरल्या.”

निशिकांतरावांनी खिशातून छोटी डायरी काढून त्यांच्यापुढे सरकवली. रोजची तारीख, रोजची एक रेघ. दोन ठिकाणी खाडाखोड होती. शेवटी आकडा होता बेचाळीस, म्हणजे पैजेच्याही दोन पुढे.

बाबाजींचं तोंड उतरलं. “म्हणजे संपली पैज?”

“उघड चूक आहे तुझी. नियमाने रद्दच करायला हवी.” निशिकांतरावांनी डायरी मिटून खिशात ठेवली. “पण तू तेवीस म्हणालास ना? मग तेवीस. उद्या सातला ये.”

बाबाजींनी कप परत ठेवायच्या निमित्ताने पाठ फिरवून डोळे पुसले.

दोघे बाहेर आले. रस्त्याला दोन फाटे फुटत होते, तिथे निशिकांतराव थांबले, त्यांनी दोन्हीकडे बघितलं आणि ते हातातल्या छत्रीचं बटण उगाच तपासत राहिले. बाबाजी घराच्या दिशेने डावीकडे वळले. मग निशिकांतरावही डावीकडे वळले.