माझ्यावर फुटकं डोकं कुणी काढायला लावलं?

साहेब, लोक दवाखान्याच्या दारापर्यंत येऊन परत जावेत, हेच तुम्हाला हवं होतं. हा आरोप मी उघड करतो.

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा फलक आहे. घानाच्या किनाऱ्यावरच्या एका दवाखान्याच्या कुंपणाशी गंज खात पडलो आहे. आमच्याकडे फलकावर अक्षरांसोबत चित्र लागतंच. न्हाव्याच्या फलकावर भांग पाडलेलं डोकं, शिंप्याच्या फलकावर सदरा. मला रंगवताना ओटू पेंटरने विचारलं, "मानसतज्ज्ञ बाईंसाठी काय काढू?" आरोग्य खात्याचे साहेब मोटारीतून उतरलेसुद्धा नाहीत. "फुटलेलं डोकं काढ. आटप लवकर."

झालं! मला पाहून लोक रस्त्याच्या पलीकडून जाऊ लागले. "तिथे कवटी उघडतात," अशी कुजबुज पसरली. आत मानसतज्ज्ञ एफिबाबाई एकट्याच बसून राहायच्या.

गावातली मान्सा मासे धुरी देऊन विकायची. नवऱ्याची होडी उलटली, तो गेला, आणि तिला किनाऱ्यावर पाऊल टाकवेना. लाटेचा आवाज आला की श्वास कोंडायचा. मासे कोण आणणार? तिच्या मामाने ठरवलं, हिला प्रार्थनेच्या छावणीत न्यायचं. तिथे अशा माणसांना साखळीने झाडाला बांधतात.

तिकडे नेण्याच्या आदल्या दिवशी ती माझ्यासमोर थबकली. एफिबाबाई बाहेर आल्या.

"माझं डोकं फोडणार तुम्ही?"

"हातोडी आहे का माझ्याकडे? घे झडती."

"मग गोळ्या?"

"त्या डॉक्टर देतात. मी विचारते, ऐकते. मग भीतीच्या जवळ आपण दोघींनी जायचं, बेताबेताने."

"आणि गावभर सांगायचं!"

"माझ्या तोंडून कुणाचं काही ऐकलंस कधी?"

"इथे कुणी येतच नाही, ऐकणार काय डोंबल!" मान्सा म्हणाली, आणि तिला हसू आलं. मग ती आत गेली.

मामाला तिने बजावलं, "महिनाभर थांबा मामा. नाही जमलं तर मीच चालत येते साखळीला."

दोघी आधी माडांपर्यंत गेल्या, नंतर कोरड्या वाळूत, मग ओल्या वाळूत. कधी मान्सा अर्ध्यातून पळाली, बाईंना शिव्या घालून गेली, पण परत आली. महिना सरत आला तेव्हा ती माशांची टोपली घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. नेसूच्या कापडाचा काठ समुद्राच्या पाण्याने ओला होता.

"ओटूदादा, पुसा आधी ते मेलं डोकं! समोरासमोर बसलेल्या दोन बायका काढा."

त्याने काढल्या. मग माणसं येऊ लागली. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस.

साहेब, तुम्ही आलात. "खात्याच्या नमुन्यात हे बसत नाही," म्हणालात. मला उखडून टाकलंत आणि तेच फुटकं डोकं रंगवून नवा फलक ठोकलात. गर्दी वाढली की आणखी एक मानसतज्ज्ञ बाई नेमावी लागेल, ही भीती होती का? मला तोच संशय आहे.

मित्रांनो, दुखऱ्या मनाच्या माणसाला दारातच घाबरवू नका.

काल एक पोरसवदा बाई आली. दाराजवळ येऊन थांबली. नवा फलक पाहिला आणि छावणीच्या रस्त्याला लागली. मी उताणा पडलेला, हाक कशी मारणार?

साहेब, ती आता कुठे आहे? बोला.